पावसाळ्यापूर्वी गच्चीवर कोण चढणार?

हैदराबादमध्ये चारमिनारपासून चार-पाच किलोमीटर अंतरावर, संतोषनगरजवळच्या पिसल बंडा या दाट वस्तीत, घरांच्या भिंतींना भिंती लागलेल्या गल्लीतून गेले की अचानक एक दरवाजा लागतो आणि त्याच्या आत पायगा घराण्याचे मकबरे उभे असतात. गोवळकोंड्याच्या घुमटांची भव्यता इथे नाही. इथे आहे ती चुन्याची कलाकुसर. कबरींभोवतीच्या भिंतींत चुन्याच्या जाळ्या बसवल्या आहेत आणि शेजारच्या दोन जाळ्यांची नक्षी सहसा एकसारखी नसते. षट्कोन, तारे, वेली एकमेकांत अशा गुंतल्या आहेत की पाहणाऱ्याला नक्षीची सुरुवात सापडत नाही. कित्येक कबरींवर छप्पर नाही, त्यामुळे ऊन आणि पाऊस थेट संगमरवरावर पडतो. मी गेलो तेव्हा एका कठड्याच्या सांध्यात पिंपळाचे रोप उगवलेले होते. दोनच पाने होती. चिमटीत धरून उपटता आले असते, पण हात तिथवर पोचत नव्हता, आणि शिडी लावायला सांगावे असे तिथे कोणी नव्हते.

ऐतिहासिक वास्तूंच्या रक्षणाविषयी आपल्याकडे जी चर्चा होते ती बहुधा दोन टोकांना होते: एक तर इमारत पाडायला यंत्रे आली की, नाही तर कोट्यवधी रुपये खर्चून केलेल्या जीर्णोद्धाराचे उद्घाटन झाले की. या दोन प्रसंगांच्या मधली पन्नास-साठ वर्षे कोणाच्या लक्षात येत नाहीत, आणि इमारत मरते ती नेमकी त्याच काळात. पावसाचे पाणी वाहून नेणारी पन्हळ तुंबते, गच्चीवर पाणी साचते, चुन्याचा कोबा भिजतो, सांध्यात रोप रुजते आणि त्याची मुळे भिंत उकलत जातात. हैदराबादचे राजवाडे, सरदारांच्या देवड्या आणि मकबरे यांच्याबाबतचा खरा सार्वजनिक प्रश्न त्यामुळे मला फार साधा वाटतो: दर वर्षी मृग लागण्यापूर्वी या इमारतींच्या गच्चीवर चढण्याची जबाबदारी कोणाची आणि त्याचा खर्च कोणत्या खात्यातून? या प्रश्नाला उत्तर नसेल, तर बाकीच्या सगळ्या योजना म्हणजे वरवरचा गिलावा आहे.

पायगा हा शब्द मराठी माणसाला परका नाही. आपली घोड्यांची ‘पागा’ त्याच फारसी शब्दापासून आलेली आहे. निजामाच्या घोडदळाची जबाबदारी वाहणारे हे घराणे. मूळ पुरुष अबुल फतेह खान तेगजंग हे दुसऱ्या निजामाच्या काळातले सरदार, १७८६ मध्ये त्यांचे निधन झाले आणि त्यांच्या दफनापासून या मकबऱ्यांचा इतिहास सुरू होतो. पुढे या घराण्याचे निजामांशी सोयरसंबंध झाले, मुली दिल्या-घेतल्या गेल्या, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तर आस्मान जाह, खुर्शीद जाह आणि विकार-उल-उमरा हे तिघे भाऊ-चुलतभाऊ बांधकामाच्या हौसेत खुद्द निजामाशी स्पर्धा करू लागले होते. विकार-उल-उमरांनी १८८४ मध्ये टेकडीवर फलकनुमा बांधायला घेतला आणि त्या वाड्याने त्यांना कर्जात इतके बुडवले की १८९७ च्या सुमारास तो सहावे निजाम महबूब अली खान यांच्याकडे गेला. बांधताना सरदाराचे दिवाळे काढणारी ही इमारत नुसती उभी ठेवायलाही किती खर्च मागत असेल, याचा अंदाज त्यावरून यावा.

हा खर्च भागायचा तो जहागिरीच्या उत्पन्नातून. पायगांची गावे होती, तशी निजामाची खासगी मिळकत म्हणजे सर्फ-ए-खासची गावे होती, आणि ही गावे तेलंगणाबरोबर मराठवाड्यात आणि कानडी मुलुखातही पसरलेली होती. सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात सामील झाले, १९४९ मध्ये सर्फ-ए-खास सरकारजमा झाले आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये जहागिऱ्या रद्द झाल्या. तो निर्णय योग्यच होता, किंबहुना त्याला उशीरच झाला होता. मात्र त्या निर्णयाने इमारतींच्या देखभालीचा पैसा जिथून यायचा तो झरा आटवला आणि त्याच्या जागी दुसरा कोणताही झरा निर्माण केला नाही. पाठोपाठ १९७१ मध्ये संस्थानिकांचे तनखे बंद झाले, १९७६ मध्ये शहरी जमिनीवर कमाल मर्यादेचा कायदा आला. वारस वाढत गेले, वाटण्या होत गेल्या आणि देवड्यांच्या आवारांतून दुकानांचे गाळे व लग्नाचे हॉल उभे राहिले. मराठीत देवडी म्हणजे वेशीच्या किंवा वाड्याच्या दरवाजाआतला, पहारेकऱ्यांनी बसायचा कोनाडा. हैदराबादेत देवडी म्हणजे सरदाराचा अख्खा वाडा. आज त्यांतल्या काही देवड्यांची अवस्था पाहिली तर मराठी अर्थच खरा ठरला आहे असे म्हणावे लागते, कारण दरवाजा तेवढा शिल्लक आहे.

निजामाच्या दिवाणांचे घराणे असलेल्या सालारजंगांच्या दिवाण देवडीचे उदाहरण यातले सर्वांत बोलके आहे. तिसरे सालारजंग १९४९ मध्ये निपुत्रिक वारले. त्यांनी जमवलेल्या वस्तूंचे संग्रहालय १६ डिसेंबर १९५१ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते त्याच देवडीत खुले झाले, १९६१ मध्ये संसदेने कायदा करून त्याला राष्ट्रीय महत्त्वाच्या संस्थेचा दर्जा दिला आणि १९६८ मध्ये ते मुसी नदीकाठच्या नव्या इमारतीत हलवले गेले. संगमरवरातली बुरखाधारी रिबेका पाहायला आजही रांगा लागतात. ज्या घरात ती उभी होती ते घर मात्र बाजारपेठेच्या पोटात गेले. वस्तू वाचल्या कारण त्या उचलून नेता येत होत्या, त्यांची मोजदाद होती, त्यांच्यावर सही करणारा अधिकारी होता. घराला यांतले काहीच नव्हते. निजामाचे दागिनेही केंद्र सरकारने १९९५ मध्ये २१८ कोटी रुपये मोजून विकत घेतले. त्या खरेदीला माझा विरोध नाही, पण आपला कल कुठे आहे ते त्यातून कळते: दागिने एकदा तिजोरीत ठेवले की त्यांना दर वर्षी चुना लावावा लागत नाही.

खासगी मालकांना दोष देणे सोपे आहे आणि तो बराचसा खराही आहे. परंतु माझ्या मते या शहरात सरकार हा मालक म्हणून अधिक मोठा अपराधी ठरतो, कारण त्याच्याकडे कायदा, पैसा आणि अभियंते असे तिन्ही आहेत. इरम मंजिलची हकिकत त्यासाठी पुरेशी आहे. नवाब फखरुल मुल्क यांनी एकोणिसाव्या शतकात ज्या टेकडीवर हा वाडा बांधला तिच्या नावात तेलुगूतला ‘एर्रा’ म्हणजे तांबडा हा शब्द होता. त्याच्याशी ध्वनी जुळवून त्यांनी वाड्याला स्वर्गातल्या ‘इरम’ बागेचे नाव दिले, असे सांगतात. एकाच शब्दात तेलुगू माती आणि फारसी स्वर्ग बसवणारी ही गंमत हैदराबादच्या स्वभावाची उत्तम खूण आहे. वाडा सरकारच्या ताब्यात आल्यावर तिथे अभियंत्यांची कार्यालये भरू लागली. म्हणजे इमारती सांभाळणे हे ज्यांचे कामच आहे, अशा माणसांच्या डोक्यावरचे छत गळत राहिले. २०१९ मध्ये तेलंगणा मंत्रिमंडळाने हा वाडा पाडून तिथे नवे विधानभवन बांधण्याचे ठरवले आणि जूनमध्ये भूमिपूजनही उरकले. शहराच्या १९८१ च्या नियमावलीतला वारसा इमारतींना संरक्षण देणारा तेरावा नियम सरकारने २०१५ च्या अखेरीस आधीच काढून टाकला होता, त्यामुळे वाड्याला आता संरक्षणच उरलेले नाही, असा युक्तिवाद पुढे आला. नागरिक न्यायालयात गेले आणि १६ सप्टेंबर २०१९ रोजी उच्च न्यायालयाने मंत्रिमंडळाचा निर्णय रद्द ठरवला.

या निकालाचा आनंद मलाही झाला, पण तो पुरता टिकला नाही. पुढच्याच वर्षी जुन्या सचिवालयाबरोबर सहाव्या निजामाच्या काळातला सैफाबाद वाडा पाडला गेला. (या वाड्याकडे जाताना घोरपड आडवी गेली आणि अपशकुन समजून निजामाने तिथे राहण्याचा विचार सोडला, अशी आख्यायिका आहे. अपशकुनामुळे राजाने केवळ पाठ फिरवली. लोकशाहीने इमारतच काढून टाकली.) त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की न्यायालय पाडकाम थांबवू शकते, पन्हळ साफ करू शकत नाही. स्थगितीच्या आदेशाने इमारतीला पाडकामापासून वाचवता येते, पण पावसाला स्थगिती देता येत नाही. जी इमारत पाडायची होती आणि पाडता आली नाही, तिच्याकडे दुर्लक्ष करणे हा त्याच उद्दिष्टाकडे जाणारा संथ रस्ता असतो, आणि त्या रस्त्यावर कोणाला आव्हान द्यायचे हेच नागरिकाला कळत नाही, कारण तिथे निर्णयाचा कागदच नसतो.

दुरुस्ती होते तेव्हाही ती कशी होते हे पाहावे लागते. जुने बांधकाम चुन्याचे आहे. कळीचा चुना भिजवून, वाळू मिसळून चुन्याच्या घाण्यात मळायचा, त्यात गूळ, बेलफळाचा गर यांसारखी द्रव्ये घालायची, दिवसेंदिवस मुरवायचा आणि मग पातळ थरांनी चढवायचा, ही ती रीत. असा गिलावा श्वास घेतो म्हणतात ते अलंकारिक नाही. भिंतीत शिरलेली ओल त्यातून बाहेर पडू शकते. त्यावर सिमेंट थापले की ओल आत कोंडते, क्षार फुलतात आणि काही पावसाळ्यांत सिमेंटचा पापुद्रा आपल्याबरोबर जुना गिलावाही घेऊन खाली येतो. तरीही सरकारी दुरुस्ती म्हटले की सिमेंटच, कारण दरपत्रकात सिमेंटचा भाव असतो आणि ठेकेदाराला काम आजच्या आज संपवायचे असते. चुना मुरायला लागणारे दिवस निविदेत कुठे मांडायचे?

ही रीत अजून जिवंत आहे, हे कुतुबशाही मकबऱ्यांच्या कामाने दाखवून दिले. गोवळकोंड्याच्या पायथ्याशी शंभराहून अधिक एकरांवर पसरलेल्या या परिसरात आगाखान सांस्कृतिक न्यासाने राज्याच्या पुरातत्त्व खात्याबरोबर २०१३ मध्ये काम सुरू केले आणि ते २०२४ मध्ये पूर्ण झाले. आधीच्या दुरुस्त्यांतले सिमेंट खरवडून काढणे हा त्या कामाचा मोठा भाग होता. काम सुरू झाले त्याच वर्षीच्या मुसळधार पावसात तिथल्या बडी बावडी या पायऱ्यांच्या विहिरीची एक बाजू कोसळली होती. दगड पुन्हा रचून ती बावडी उभी केली गेली आणि तिच्यात पुन्हा पाणी साठू लागले. गोवळकोंड्याच्या या बावड्यांच्या कामाला २०२२ मध्ये युनेस्कोचा पुरस्कारही मिळाला. त्याआधी चौमहल्ला राजवाड्याला तो २०१० मध्ये मिळाला होता. १७५० च्या सुमारास सुरू होऊन पाचव्या निजामाच्या काळात पुरा झालेला हा राजवाडा, खिलवत हे दरबारी दालन आणि तिथली बिलोरी झुंबरे यांसह, निजाम घराण्याच्या एकेकाळच्या सून राजकन्या एस्रा यांच्या पुढाकाराने सावरला गेला आणि २००५ पासून तिकीट काढून कोणालाही पाहता येऊ लागला.

या दोन्ही कामांचे मोल मी जाणतो, आणि म्हणूनच एक गैरसोयीची गोष्ट नोंदवावीशी वाटते. चौमहल्ला वाचला तो एका व्यक्तीच्या चिकाटीमुळे. कुतुबशाही मकबरे सावरले ते एका न्यासाच्या बळावर. पायगा मकबऱ्यांपैकी सहांसाठी २०२३ च्या आरंभी अडीच लाख डॉलर जाहीर झाले ते अमेरिकेच्या राजदूत निधीतून. शहराच्या वारशाचे रक्षण असे दुसऱ्यांच्या औदार्यावर चालत असेल तर त्याला धोरण म्हणता येत नाही, योगायोग म्हणावे लागते. औदार्य जीर्णोद्धाराला मिळते, कारण जीर्णोद्धाराला आधी आणि नंतरची छायाचित्रे असतात. पन्हळ साफ केल्याचे छायाचित्र कोण काढणार?

इथे एक आक्षेप घेतला जातो आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. ही सरंजामी ऐश्वर्याची अवशेषचिन्हे आहेत, रयतेला पिळून उभी राहिलेली आहेत, मग शाळांची छपरे गळत असताना यांच्यावर सार्वजनिक पैसा का घालायचा? मराठवाड्यात, जिथे घराघरांतून रझाकारांच्या काळातल्या आठवणी अजून सांगितल्या जातात, तिथे तर हा प्रश्न नुसता तात्त्विक राहत नाही. माझे उत्तर असे की आक्षेपाचे पहिले अर्धे वाक्यच त्याच्या दुसऱ्या अर्ध्याचे उत्तर आहे. या वाड्यांत तेलंगणाच्या, मराठवाड्याच्या आणि कानडी मुलुखाच्या रयतेचा शेतसारा चिणलेला आहे. ज्याने पैसे मोजले त्याचा हक्क असतो, हे तत्त्व मान्य असेल तर या इमारतींवर पहिला हक्क त्या रयतेच्या नातवंडा-पणतवंडांचा आहे. वाडा ढासळल्याने निजामाला कोणती शिक्षा होणार? सातवे निजाम १९६७ मध्ये गेले, किंग कोठीसमोरच्या जुदी मशिदीत त्यांची कबर आहे. शिक्षा होते ती जाळी कोरणाऱ्या त्या अनाम कारागिराला, ज्याचे नाव कुठल्याही दगडावर नाही आणि ज्याचे काम हीच त्याची एकमेव नोंद आहे. आणि या इतिहासाचे धागेदोरे आपल्याच दारात येऊन संपतात. गोवळकोंड्याचा शेवटचा सुलतान तानाशाह १६८७ च्या पराभवानंतर दौलताबादच्या किल्ल्यात कैदेत राहिला. त्याच्या पूर्वजांचे उत्तुंग मकबरे गोवळकोंड्याला आणि त्याची साधी कबर खुलताबादेत. ज्याने आसफजाही घराणे स्थापन केले तो पहिला निजामही खुलताबादेतच विसावला आहे. हैदराबादचा वारसा ही दूरच्या शहराची बाब आहे, असे मराठी वाचकाला म्हणता येणार नाही.

शाळेच्या छपराचा मुद्दा उरतो. तो खरा आहे, पण त्याचे कारण आणि देवडीच्या छपराचे कारण एकच आहे: आपण बांधकामाला पैसे देतो, देखभालीला देत नाही. शाळेचे छप्पर मकबऱ्याने गळवलेले नाही.

फलकनुमाचे काय, असेही विचारले जाईल. दीर्घ दुरुस्तीनंतर २०१० पासून तिथे ताज समूहाचे हॉटेल चालते. एकशे एक पाहुण्यांचे जेवणाचे मेज आहे, ग्रंथालय आहे, झुंबरे लखलखतात. वारसा विकला म्हणून नाक मुरडणाऱ्यांशी मी सहमत नाही. हॉटेलचा धंदाच गळक्या छताखाली चालत नाही, त्यामुळे गच्चीवर दर वर्षी कोणीतरी चढते, आणि माझ्या कसोटीला ही इमारत उतरते. मात्र हा मार्ग शंभरातल्या एखाद्या इमारतीलाच लागू पडतो. खुर्शीद जाह देवडीचे उंच पाश्चात्त्य धाटणीचे खांब वर्षानुवर्षे पोरांच्या क्रिकेटचे साक्षीदार होते. तिथे राहायला येणारा पाहुणा कोणाला मिळाला नसता. तिच्याही दुरुस्तीचे काम अलीकडे हाती घेतले गेले, इतक्या उशिरा की दुरुस्तीपेक्षा पुनर्बांधणीच अधिक करावी लागणार. मकबऱ्यांचे तर हॉटेल होऊ शकत नाही, होऊही नये. म्हणून बाजार ज्याला हात लावणार नाही त्याचा भार राज्याने उचलला पाहिजे, आणि जिथे खासगी मालक आहे तिथे त्याला यादीत नाव टाकून वाऱ्यावर सोडण्याऐवजी मोबदला दिला पाहिजे. मुंबईने १९९५ मध्ये वारसा नियमावली केली तेव्हा बांधकामाचा न वापरता आलेला हक्क दुसरीकडे हस्तांतरित करण्याची मुभा मालकांना दिली होती. त्या व्यवस्थेत पळवाटा नाहीत असे नाही, तरी तिच्यामागचा विचार न्याय्य आहे. फक्त असा मोबदला घेणाऱ्या मालकाने वर्षातले ठरावीक दिवस दरवाजा सर्वांसाठी उघडा ठेवावा आणि गच्चीचा दाखला दर जूनपूर्वी द्यावा, अशी अट हवी.

सरकारी मालकीच्या इमारतींसाठी तर इतकेही करावे लागणार नाही. प्रत्येक इमारतीमागे एक जबाबदार अभियंता, त्याचे नाव दरवाजावरच्या पाटीवर, आणि अंदाजपत्रकात ‘जीर्णोद्धार’ या भारदस्त शीर्षाहून वेगळे, छोटे, पण दर वर्षी खर्च होणारे देखभालीचे शीर्ष. चुन्याचे काम जाणणारे गवंडी कुतुबशाही मकबऱ्यांवर अकरा वर्षांत तयार झाले आहेत. त्यांना कायम नोकरीत घेतले नाही तर ते पोटासाठी सिमेंटच्या इमारतींवर जातील आणि पुढच्या जीर्णोद्धाराला त्यांची पुन्हा शोधाशोध करावी लागेल. सत्तर वर्षांनी एकदा अकरा वर्षे काम करण्यापेक्षा दर वर्षी अकरा दिवस काम करणे स्वस्त पडते, हे सांगायला वास्तुशास्त्रज्ञ लागत नाही. कौलारू घरात वाढलेला कोणीही सांगेल. पावसापूर्वी कौले शाकारून घेणे हा काही वारसा संवर्धनाचा कार्यक्रम नसतो.

पिसल बंड्याला मी दीड वर्षाने पुन्हा गेलो. आतल्या बाजूला काही मकबऱ्यांना बांबूच्या परांच्या बांधल्या होत्या, चुन्याचा ओला वास येत होता, एक कारागीर जाळीच्या एकाच षट्कोनावर बोटाएवढ्या करणीने काम करत होता. माझा कठडा त्या कामाच्या बाहेरचा होता. पिंपळाचे रोप तिथे नव्हते. तिथली राखण करणाऱ्या माणसाने शेजारून शिडी आणून ते कापले होते, पण मूळ सांध्यात तसेच होते आणि त्याच्या कडेने नवा कोंब फुटला होता. मूळ काढायचे तर दगड सैल करावा लागेल आणि मग सांधा चुन्याने भरावा लागेल, असे तो म्हणाला. चुना आतल्या कामावर भरपूर होता, पण तो त्या सहा मकबऱ्यांच्या हिशेबातला होता.